आयपीच्या मागचा माणूस

फायरवॉलच्या लॉगमधली एक ओळ साधारण अशी असते: दुपारी २ वाजून ४० मिनिटं, पत्ता १९२.१६८.२०.३७, अमुक संकेतस्थळाशी जोडणी, इतका डेटा बाहेर गेला. वेळ आहे, यंत्राचा आयपी पत्ता आहे, डेटाचं माप आहे. फक्त माणूस नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाची कॉम्प्युटर लॅब डोळ्यांसमोर आणा. सकाळी एक बॅच प्रॅक्टिकलला येते, दुपारी दुसरी, तिच्यानंतर तिसरी. एकाच कॉम्प्युटरवर दिवसभरात तीन-चार विद्यार्थी बसून जातात. समजा, त्यातल्या एकावरून कुणी एखाद्या मुलीच्या नावानं खोटं खातं उघडलं, त्यावरून घाणेरडे संदेश पाठवले आणि काही दिवसांनी पोलीस ठाण्यातून विचारणा आली. २.४० ला त्या कॉम्प्युटरवर कोण होतं? हजेरीपटावरून बॅच कळते, खुर्ची कळत नाही. मग संशय सगळ्या बॅचवर जातो, किंवा शिक्षकांच्या मनात आधीपासून 'वांड' म्हणून बसलेल्या एखाद्या मुलावर.

हे प्रकरण या त्रुटीवरच्या उपायाबद्दल आहे. फायरवॉलला माणूस ओळखता यावा आणि त्यासाठी त्या माणसाला दर वेळी पासवर्ड टाकावा लागू नये, या व्यवस्थेला 'सिंगल साइन-ऑन' म्हणतात. सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना एकदा लॉगिन केलं की पुढची सगळी दारं त्याच ओळखीवर उघडतात. ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी सोय म्हणून सांगितली जाते, आणि ती सोय आहेच. पण तिचं खरं मोल न्यायाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. जी नोंद ज्याची, ती त्याच्याच नावावर पडली पाहिजे. फायरवॉलवर ही व्यवस्था बसवतानाचा प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घासून पाहावा.

१९८३ : शेगाव आणि केंब्रिज

१९८३ साली शेगावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेत, केंब्रिजच्या एमआयटीमध्ये 'प्रोजेक्ट अथिना' सुरू झाला. डेक आणि आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्यानं विद्यार्थ्यांसाठी आवारभर नेटवर्कनं जोडलेले कॉम्प्युटर बसवायचे, अशी ती योजना होती. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण अथिनाला जो प्रश्न पडला, तोच पुढे विदर्भातल्या महाविद्यालयांसकट जगभरच्या लॅबना पडणार होता.

त्याआधी एक मोठा कॉम्प्युटर असे आणि त्याला जोडलेले टर्मिनल असत. कोण आलं, कोण गेलं, हे तो मोठा कॉम्प्युटर स्वतःच पाहत असे. अथिनात प्रत्येक विद्यार्थ्यासमोर स्वतंत्र कॉम्प्युटर आला. तो बंद करून पुन्हा सुरू करणं, त्यातलं सॉफ्टवेअर बदलणं, हे समोर बसलेल्याच्या हातात होतं. अशा कॉम्प्युटरनं 'मी अमक्याचा आहे' असं सांगितलं, तर सर्व्हरनं त्यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि प्रत्येक सेवेकडे पासवर्ड पाठवायचा म्हटलं, तर वाटेत नेटवर्कवर कान लावून बसलेल्या कुणालाही तो मिळणार.

यावर शोधलेलं उत्तर म्हणजे 'कर्बेरॉस'. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ साली मांडलेल्या पद्धतीच्या पायावर एमआयटीत स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांनी त्याचा आराखडा केला. त्याची माहिती देणारा शोधनिबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला, पाचवी आवृत्ती १९९३ साली आली. मायक्रोसॉफ्टनं विंडोज २००० मध्ये कर्बेरॉस स्वीकारलं आणि ते विद्यापीठाच्या आवारातून जगभरच्या कचेऱ्यांत पोचलं.

त्याचं तत्त्व एसटीच्या पासवरून चांगलं कळतं. मोताळ्याहून बुलढाण्याला कॉलेजला येणारी मुलगी आपल्या कॉलेजातून बोनाफाइड घेते, ते दाखवून आगारातून पास काढते आणि रोज बसमध्ये कंडक्टरला फक्त पास दाखवते. कंडक्टर कॉलेजला फोन करत नाही. त्याचा आगारावर विश्वास असतो, आगाराचा कॉलेजवर. पासावर तारीख असते. ती उलटली की पास निरुपयोगी. कर्बेरॉसमध्ये माणूस सकाळी एकदा लॉगिन करतो, मुख्य सर्व्हर त्याला तिकीट देतो, आणि त्या तिकिटाच्या जोरावर प्रत्येक सेवेसाठी वेगळं तिकीट मिळत जातं. विंडोजमध्ये मूळ तिकिटाची मुदत सहसा १० तासांची असते. मूळ पासवर्ड कोणत्याही सेवेच्या हाती लागत नाही.

आठवा थर

पण फायरवॉल या साखळीत नव्हती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या पहिल्या फायरवॉल डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता आणि पोर्ट पाहून त्याला सोडायचं की अडवायचं ते ठरवत. ज्या काळी एक माणूस, एक टेबल, एक कॉम्प्युटर असं गणित होतं, त्या काळी पत्ता म्हणजे माणूस असं धरून भागत असे. लॅब, हॉस्टेलचं वायफाय आणि लॅपटॉप आले, आणि हे गणित मोडलं.

ते नव्यानं मांडण्यात अहमदाबादच्या एका कंपनीचा मोठा वाटा आहे. एलिटकोअर कंपनीनं घडवलेल्या 'सायबरोम' या फायरवॉलनं 'आठवा थर' ही कल्पना पुढे आणली. नेटवर्कच्या पाठ्यपुस्तकात सात थर शिकवले जातात, तारेपासून वापरातल्या सॉफ्टवेअरपर्यंत. त्यावर आठवा थर माणसाचा, असं सायबरोमचं म्हणणं होतं. नियम त्या थरावर लिहा. एका संगणकावर कितीही विद्यार्थी बसले तरी प्रत्येकाचा नियम वेगळा आणि नोंद वेगळी. भारतीय महाविद्यालयांची गरज नेमकी हीच होती. ब्रिटनच्या सोफोस कंपनीनं २०१४ साली सायबरोम विकत घेतली. फोर्टिनेट, पालो आल्टो अशा इतर कंपन्यांच्या फायरवॉलमध्येही हीच सोय वेगवेगळ्या नावांनी असते.

याचा फायदा लॅबपुरता नाही. पतसंस्थांच्या शाखांचं जाळं बुलढाणा जिल्ह्याला नवीन नाही. अशा संस्थेतला कर्मचारी मेहकरहून नांदुऱ्याला बदलून गेला, की जुन्या पद्धतीत त्याच्या नव्या कॉम्प्युटरचा पत्ता शोधून नियम पुन्हा लिहावा लागतो आणि जुना नियम बहुधा तसाच पडून राहतो. नियम माणसाच्या नावावर, त्याहून बरं म्हणजे 'कॅशियर', 'शाखाधिकारी' अशा गटावर लिहिला असेल, तर कर्मचारी कुठेही बसला तरी त्याला त्याच्या पदाइतकीच परवानगी मिळते.

ओळख फायरवॉलपर्यंत येण्याच्या वाटा

एवढं कळलं की पुढचा प्रश्न कामाचा: फायरवॉलला नाव सांगायचं कुणी? रूढ वाटा चार आहेत.

पहिली वाट लॅबमधल्या विंडोज कॉम्प्युटरांसाठी. हे कॉम्प्युटर एका डोमेनमध्ये असतात आणि सगळ्यांचं लॉगिन डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरवर तपासलं जातं. प्रत्येक यशस्वी लॉगिनची नोंद त्या सर्व्हरच्या सुरक्षा-लॉगमध्ये पडते. मूळ तिकीट मागितल्याच्या नोंदीचा क्रमांक ४७६८, लॉगिन झाल्याचा ४६२४. सर्व्हरवर बसवलेला एक छोटा एजंट या नोंदी वाचतो आणि 'अमुक पत्त्यावर आता अमुक विद्यार्थी आहे' एवढं फायरवॉलला कळवतो. विद्यार्थ्याला यातलं काही दिसत नाही. त्यानं नेहमीसारखं लॉगिन केलं, नेट चालू झालं.

दुसऱ्या वाटेत फायरवॉल स्वतःच तिकीट मागते. ब्राउझर पहिल्यांदा बाहेर जायला निघाला की फायरवॉल त्याला थांबवते, आणि ब्राउझर वापरकर्त्याला न विचारता कर्बेरॉसचं तिकीट पुढे करतो. इथे एक बारकावा हमखास चुकतो. ब्राउझरला फायरवॉलकडे नावानं पाठवावं लागतं, आयपीच्या आकड्यांनी पाठवून चालत नाही. कर्बेरॉसची तिकिटं सेवेच्या नावावर निघतात. आकडे दिले तर विंडोज मुकाट्यानं 'एनटीएलएम' या जुन्या, कमकुवत पद्धतीवर उतरतं. ही पद्धत मायक्रोसॉफ्टनं २०२४ साली बाद होणाऱ्यांच्या यादीत टाकली आहे.

तिसरी वाट वायफायची. विद्यार्थी वायफायला जोडताना स्वतःचं युझरनेम-पासवर्ड देतो आणि 'रेडियस' सर्व्हर ते तपासतो. रेडियसचं वैशिष्ट्य असं की तो हिशेबही ठेवतो: जोडणी सुरू झाली, अजून चालू आहे, संपली. तपासणी पोर्ट १८१२ वर चालते, हिशेब १८१३ वर. हाच हिशेब फायरवॉलकडे वळवला की तिला आलेला आणि गेलेला, दोन्ही माणसं कळतात. संपल्याची नोंद इतकी स्वच्छ मिळते, म्हणून चारही वाटांत मला ही सर्वांत भरवशाची वाटते.

चौथी वाट ज्यांचं खातं गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आहे त्यांच्यासाठी. फायरवॉलचं लॉगिन पान उघडतं, तिथून विद्यार्थी गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर जातो, ओळख पटवतो, आणि एक सही केलेला दाखला घेऊन परत येतो. हा दाखला ज्या मानकानुसार बनतो त्याचं नाव सॅमल. त्याची दुसरी आवृत्ती २००५ साली आली. या वाटेवरही एक ठरलेला खड्डा आहे. लॉगिन होईपर्यंत फायरवॉल सगळं अडवते, मग गूगलचं लॉगिन पान तरी कसं उघडणार? ओळख पटवण्याच्या पानांना आधीच मोकळी वाट ठेवावी लागते. ती विसरली की पहिल्याच दिवशी 'नेट चालत नाही' म्हणून अख्खं हॉस्टेल दाराशी येतं.

मॅक अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क-क्रमांकावरून, माणूस ओळखण्याचा सोपा उपाय काही ठिकाणी अजून वापरतात. तो आता सोडून द्यायला हवा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक अ‍ॅड्रेस दाखवतात. मालकाच्या खासगीपणासाठी ते योग्यच आहे.

मांडणीचा क्रम

काम सुरू करताना फायरवॉलला हात लावायच्या आधी घड्याळांकडे पाहावं. कर्बेरॉसच्या तिकिटावर वेळ असते आणि दोन घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की विंडोज तिकीट नाकारतं. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपलेली असते, तो सुरू होताना काही वर्षं मागची तारीख धरतो, आणि विद्यार्थी पासवर्ड बरोबर टाकूनही ताटकळतो. सर्व्हर, फायरवॉल, वायफायची यंत्रणा, सगळ्यांनी एकाच स्रोताकडून वेळ घ्यावी. आपल्याकडे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आणि एनआयसी यांचे वेळ-सर्व्हर त्यासाठीच आहेत.

मग गट. संचालक, शिक्षक, कार्यालय, प्रथम वर्ष, अंतिम वर्ष, पाहुणे: नियम सुचतात तेवढे गट करू नयेत, नियम खरोखर वेगळे आहेत तेवढेच करावेत. फायरवॉलनं ही यादी सर्व्हरकडून एनक्रिप्ट केलेल्या वाटेनं, म्हणजे पोर्ट ६३६ वरून घ्यावी. ३८९ वरच्या साध्या जोडणीत पासवर्ड उघडा जातो. यादी वाचण्यासाठी फायरवॉलला जे खातं द्यायचं, त्याला फक्त वाचण्याचा अधिकार असावा. घाईत तिथे डोमेन अ‍ॅडमिनचं खातं दिलं जातं. मग फायरवॉल कुणाच्या हाती लागली, तर सगळी संस्थाच त्याच्या हाती लागते.

तिसरी पायरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: सुरुवातीला काहीही अडवू नये. एका लॅबमध्ये, फक्त नोंद घेण्यापुरती व्यवस्था सुरू करावी. लॉगमधली नावं आणि प्रत्यक्ष खुर्चीवर बसलेली मुलं रोज ताडून पाहावीत. नावं सातत्यानं जुळायला लागली की मगच नियम लागू करावेत. चुकीच्या नावाच्या आधारे अडवणारी फायरवॉल ही नावच न कळणाऱ्या फायरवॉलपेक्षा वाईट. एक स्थानिक अ‍ॅडमिन खातं या सगळ्या साखळीबाहेर, लखोट्यात बंद करून ठेवावं. डोमेन कंट्रोलर बंद पडला आणि फायरवॉलचं लॉगिनही त्याच्यावरच अवलंबून असेल, तर दुरुस्तीला जाण्याची वाटच उरत नाही.

वीज जाते तेव्हा

नाव चुकतं कुठे? बहुतेक वेळा माणूस जाताना. येण्याची नोंद सर्व्हरवर पडते. जाण्याची नोंद खात्रीनं पडतेच असं नाही.

दुपारच्या प्रॅक्टिकलमध्ये वीज गेली आणि लॅबचा यूपीएस थकलेला असला, तर कॉम्प्युटर जागच्या जागी बंद पडतात. कुणीही लॉगआउट केलेलं नसतं. फायरवॉलच्या लेखी प्रत्येक पत्त्यावर आधीचाच विद्यार्थी बसलेला आहे. तासाभरानं वीज येते, दुसरी बॅच येते. ज्यानं डोमेनचं लॉगिन केलं त्याचं नाव लगेच बदलतं. पण कुणी स्वतःचा लॅपटॉप त्याच तारेला जोडला, किंवा कॉम्प्युटर स्थानिक खात्यानं उघडला, तर त्याचं सगळं वागणं घरी गेलेल्या मुलाच्या नावावर चढत राहतं.

म्हणून काही बंधनं आधीच घालून ठेवायची. ठरावीक वेळ हालचाल नसेल तर नोंद रद्द व्हावी. एजंटनं अधूनमधून त्या कॉम्प्युटरला विचारून खात्री करावी की तोच माणूस अजून आहे. लॅबच्या कॉम्प्युटरवरची स्थानिक खाती बंद असावीत. विद्यार्थ्यांचे लॅपटॉप लॅबच्या तारांवर नकोत, त्यांना वायफायची स्वतंत्र वाट द्यावी. लॅबमधल्या शिक्षकांनी तास संपताना 'लॉगआउट करा' हे वाक्य रोज म्हणावं. ते सुरक्षेचंच काम आहे.

आणखी दोन ठिकाणी नाव चुकतं. एकाच सर्व्हरवर अनेक जण दुरून काम करत असतील तर सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. तिथे प्रत्येकाला पोर्टचा वेगळा पट्टा देणारा खास एजंट लागतो. आणि अँटिव्हायरस किंवा बॅकअप यांची खाती पार्श्वभूमीत सतत लॉगिन करत असतात. त्यांची नावं एजंटच्या वगळण्याच्या यादीत टाकली नाहीत, तर लॉगभर विद्यार्थ्यांच्या जागी बॅकअपचंच नाव दिसतं.

नाव कळलं, आता पुढे काय

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेनं दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. घड्याळं एकाच वेळेशी जुळवण्याचा आदेशही त्यातच आहे. प्रत्येक महाविद्यालयानं ही शिस्त आपली मानावी.

पण लॉगमध्ये नाव आलं की तो लॉग बदलतो. कोणता मुलगा रात्री कोणत्या आजाराची माहिती शोधतो, कोणती मुलगी कुठल्या मदत-केंद्राचं पान उघडते, कोण कोणत्या राजकीय पक्षाचं वाचतो, हे सगळं त्यात येतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, आणि २०२३ साली व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. संस्थेनं विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच मराठीत, स्पष्ट सांगावं: काय नोंदलं जातं, किती दिवस राहतं, कोण पाहू शकतं. लॉग उघडण्यासाठी लेखी कारण आणि दोन जणांची संमती लागावी, आणि तो कुणी उघडला याचीही नोंद व्हावी. निरपराध मुलाला वाचवणारा लॉग त्याच्यावर पाळत ठेवायला वापरला, तर व्यवस्थेचा हेतूच बुडाला.

या ओळखीचं क्षेत्र आवाराबाहेरही आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं उभारलेल्या 'इन्फेड' या व्यवस्थेत संस्थेच्याच लॉगिनवर घरबसल्या संशोधनपत्रिका वाचता येतात. अर्नेट इंडियामार्फत चालणाऱ्या 'एड्युरोम'मुळे एका संस्थेचा विद्यार्थी सहभागी असलेल्या दुसऱ्या संस्थेत गेला तरी आपल्याच खात्यानं वायफाय वापरतो. लोणारच्या घरी बसून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला पत्रिकांचं ते दार उघडावं, तर तिच्या संस्थेची यादी आधी खरी असावी लागते.

हे सगळं अखेर त्या यादीवर येऊन थांबतं. फायरवॉल कितीही महाग असो, तिला माणूस स्वतः दिसत नाही. यादीत जे नाव आहे, ते ती मानते. विद्यार्थी पास होऊन गेला आणि त्याचं खातं सुरू राहिलं, तर तो बाहेर असूनही आत आहे. बदलून गेलेल्या लिपिकाचा गट बदलला नाही, तर नव्या टेबलावर जुने अधिकार चालतात. खात्याच्या नावात एका अक्षराची चूक झाली, तर दोन सारख्या नावांच्या मुलांच्या नोंदी एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रवेश विभागातला आणि आस्थापना शाखेतला कर्मचारी हा या सुरक्षेचा पहिला तंत्रज्ञ आहे. प्रवेश झाला त्या दिवशी खातं उघडणं, दाखला दिला त्या दिवशी बंद करणं, बदलीचा आदेश निघाला त्या दिवशी गट बदलणं, ही तीन कामं त्याच्या नेमून दिलेल्या कामांत लिहिली जावीत आणि प्राचार्यांनी दर सत्राला ती तपासावीत. फायरवॉल विकत घेण्याचा ठराव ज्या सभेत होतो, त्याच सभेत हा दुसरा ठरावही व्हायला हवा.